भिंगऱ्यांनी नेलेली माती

मी जळत होते, हे आधीच सांगून टाकते. तेव्हा कोणी विचारलं असतं तर "मले काय करायचं त्या पाखरायचं" म्हणून मान उडवली असती. पण जळत होते. माती माझ्या अंगणातली, मी भिजवलेली, मी पायांनी तुडवलेली, आणि भिंगऱ्यांनी ती चोचीचोचीनं नेऊन घर बांधलं ते शालूच्या ओसरीत.

शालू म्हणजे माझी धाकटी जाऊ, शेषरावची बायको. उंद्रीतलं आमचं धाब्याचं घर एकच होतं. पण चार वर्षांपूर्वी दोघा भावांची वाटणी झाली, चिखलीच्या कचेरीत कागद झाला आणि अंगणाच्या मधोमध छातीएवढी भिंत उठली. जायला-यायला भिंतीत एक दार ठेवलं. वाटणी मीच मागितली होती. मला माझी चूल वेगळी हवी होती, बस. भांडण असं झालंच नाही. भाऊ भाऊ अजून एका बाजेवर बसून सुपारी कातरतात. शालू दिवसातून चारदा त्या दारातून माझ्याकडे यायची. मी मात्र तिकडे कधी गेले नाही. आपणच मागून घेतलेली भिंत आपणच ओलांडायची म्हणजे थुंकलेलं चाटण्यासारखं वाटायचं.

आता चुलीचा विषय निघालाच आहे तर सांगते. उंद्रीत कोणाकडे लग्न निघालं की चुली घालायला बोलावणं मलाच येतं. तळ्यातली चिकण माती आणायची, तिच्यात गव्हाचा भुसा घालायचा, दोन दिवस भिजवायची, तिसऱ्या दिवशी तुडवायची. थापताना मधे हात थांबवायचा नाही, नाहीतर सांध्यावर तडा जातो. माझी चूल दहा वर्षं हलत नाही. शालूनं घातलेली चूल दुसऱ्या दिवशी तोंड वासते. हे मी तिच्या तोंडावर सांगते आणि ती हसते.

त्या वर्षी लग्न माझ्याच घरात होतं. माझी एकुलती एक लेक मंजुळा. तिला पंधरावं लागलं होतं. नांदुऱ्याचं स्थळ, कापसाच्या व्यापारातली माणसं, स्टेशनाजवळ घर. वैशाखात पुनवेनंतरची तिथी धरली होती. होळी झाली तेव्हा मी बोटं मोजली, तर लेक माझ्याजवळ दोन महिनेच होती. तेवढे दोन महिने मला हवे होते. दुसरं काही नको होतं. ती माझ्याजवळ बसावी, लग्नाच्या सहा चुली आम्ही दोघींनी मिळून घालाव्या, माझा हात तिच्या हातात उतरावा. एवढ्यासाठी मी न्हाणीजवळ आळं खणून गाडीभर माती भिजत घातली होती.

आणि पोर दिवसभर शालूकडे.

शालू तिच्याहून आठच वर्षांनी मोठी. या घरात बारा वर्षांची पोर म्हणून आली ती माझ्याच हाताखाली वाढली. आता दोघी मैत्रिणींसारख्या एकमेकींच्या कानाशी लागून बसायच्या. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते हेच. मी हाक मारली की मंजुळा "आली, आली" म्हणायची आणि यायची नाही.

त्यात या भिंगऱ्या. निळीकाळी पाठ, डोक्यावर तांबडी टोपी, शेपटीला तारेसारखी दोन बारीक पिसं. पाखरू देखणं, त्याला मी नाव ठेवत नाही. फाल्गुनातलं ऊन. नदीत वाळू, तळ्याच्या मातीला भेगा पडलेल्या. साऱ्या गावात ओलं असं माझं एक आळं. जोडीजोडीनं यायच्या, काठावर टेकायच्या, चोचीत उडदाएवढा गोळा घ्यायच्या आणि भुर्र. पहिल्या दिवशी मला कौतुकच वाटलं. पाखरालासुद्धा कळतं माती कोणाची चांगली. मग पाहिलं तर वाट धरली होती ती भिंतीपलीकडची.

मंजुळा धावत दारात आली. "माय, काकूच्या ओसरीत भिंगऱ्या घर बांधून राह्यल्या. चाल ना पाहाले."

"मले लई काम आहे," मी म्हणाले. "पाखरं पाहून पोट भरते काय?"

"थोडंसं तं पाह्य."

"तू पाह्य. तुले काही काम नाही ना."

तिला टोमणा कळलाच नाही. ती खरंच गेली.

चार दिवसांत सारं घर तिकडे. शेषराव खुंटीवर पागोटं ठेवायचा ते बंद झालं, कारण घरटं बरोबर त्या खुंटीच्या वर. मंजुळाचे वडील शेतातून आले की पाय धुवायच्या आधी भावाच्या ओसरीत. मी भाकरी टाकायची, ती गार व्हायची. अंगणातल्या निंबाला मोहोर आला होता, तो आळ्यातल्या माझ्या गाऱ्यावर पडायचा आणि मी एकटी तो वेचत बसायची. भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज यायचे. "ते पाह्य, ते पाह्य," असं चालायचं. काय पाहायचं ते मला इकडून दिसायचं नाही आणि विचारायचं तर नाकाला मिरच्या झोंबायच्या.

एकदा हे जेवताना म्हणाले, "काय थापते वो ते पाखरू. आधी एक थर, मंग तो वाळू देते, मंग दुसरा. तुह्या हातावानीच."

"मंग त्या पाखराकडूनच घालून घ्या लग्नाच्या चुली," मी म्हणाले. त्यांनी मुकाट्यानं दुसरी भाकरी घेतली.

पण ऐकून काहीतरी आशा वाटली. पाखरांना माझी माती आवडते, तर जागाही आवडेल. आमच्या ओसरीत वाशाखाली मी एक फळी ठोकून घेतली. फळीवर नमुन्याला गाऱ्याचा एक गोळा थापून ठेवला, अर्ध्या वाटीसारखा, बोटांनी काठ वळवून. मांजर कोठीत कोंडलं. दोन दिवस ओसरीत कोणाला बोलू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी भिंगरी आली. फळीवर बसली, मान तिरकी करून माझी वाटी पाहिली. मी श्वास धरला. तिनं माझ्या वाटीचा काठ टोचला, ओला भाग बरोबर शोधून चोचभर गारा घेतला आणि शालूकडे गेली. संध्याकाळपर्यंत माझी अर्धी वाटी तिकडे पोचली होती.

त्या दिवशी माझ्या मनात जे आलं ते सांगायला लाज वाटते. मला वाटलं, ही लग्नाच्या चुलींची माती. हिच्यात माझ्या लेकीचा संसार भिजत पडलाय. ती चोचीचोचीनं पलीकडे जातेय म्हणजे माझ्या घरची लक्ष्मीच पलीकडे जातेय. घरची पोर गेली, नवरा गेला, आता दैवही चाललं. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर मीच तिला वेड्यात काढलं असतं. पण पाडव्याच्या आदल्या दिवशी मी चार पोती ओली केली आणि आळं काठोकाठ झाकून टाकलं. वर दगड ठेवले.

"उन्हानं गारा वाळून राह्यला," मी यांना सांगितलं. त्यांनी दगडांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गुढीसाठी वेळू शोधायला निघून गेले.

भिंगऱ्या आल्या. पोत्यांवर फिरल्या, दगडावर बसल्या, ओरडल्या. मी तुळशीपाशी बसून तांदूळ निवडत होते. वर पाहिलं नाही.

पाडव्याला दारात गुढी, तोंडात निंबाचा पाला आणि गूळ. मला त्यातला पालाच तेवढा लागला. पलीकडे घरटं दोन बोटं उंच होऊन थांबलं होतं. मंजुळानं आपल्या अकलेनं शालूच्या अंगणात घागरभर पाणी ओतून चिखल केला. पण वाटणीत माझ्याकडे न्हाणी आली आणि शालूकडे मुरमाची जागा. मुरमाचा चिखल तो कितीसा चिकटणार? बापड्या पाखरांनी तोच नेऊन लावला. दुपारी ऊन चढल्यावर तो वरचा सारा थर खाली आला आणि येताना माझ्या मातीचाही एक तुकडा घेऊन आला.

मंजुळा माझ्यासमोर आली ती हातात तो तुकडा घेऊन. डोळे लाल.

"माय, आळं उघड."

"चुलीचा गारा आहे तो."

"गाडीभर आहे. त्यायले मूठभर पाहिजे."

"दीड महिन्यानं सासरी जाऊन राह्यली तू," मी म्हणाले, "अन् पाखरासाठी रडतं."

ती तुकडा धरून उभीच राहिली. तेव्हाच मला ते सुचलं. सुचलं तसं तोंडातून निघूनही गेलं.

"उघडतो. पण आजपासून लग्नापर्यंत तू माह्यापाशी बसायचं. मी बसीन तिथं तू. भिंतीपलीकडं पाय टाकायचा नाही. पाह्य, कबूल असन तं."

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग खाली वाकून एकेक दगड उचलून बाजूला ठेवायला लागली. पोती तिनंच काढली. पदर खोचला आणि म्हणाली, "कोन्ती चूल आधी घालायची?"

मी जिंकले होते.

महिनाभर माझी लेक माझ्याजवळ बसली. सकाळी उठून माती तुडवायची, माझ्या शेजारी पाटावर बसून थापायची, दुपारी माझ्या शेजारी डाळ निवडायची, तिन्हीसांजेला माझ्या शेजारी वाती वळायची. एका शब्दानं उलटून बोलली नाही. मी विचारलं तर उत्तर द्यायची. "हाव." "नाही." "झालं." मी तिला चुलीचं बूड कसं रुंद धरायचं ते दाखवलं, तिनं तसंच धरलं. तिचा हात माझ्याहून चांगला होता. तिसरी चूल तिनं एकटीनं घातली आणि तिच्यावर एक रेघसुद्धा पडली नाही. मी म्हणाले, "लई गोड झाली." ती म्हणाली, "हाव." आणि उठून हात धुतले.

शालू दारातून यायची, काहीबाही मागायची, मंजुळाकडे पाहायची आणि परत जायची. तिला काय झालं ते कळलं होतं. या घरात कळायला वेळ लागत नाही. पण तिनं तोंड उघडलं नाही. पलीकडे घरटं पुरं झालं, अंडी घातली गेली, हे सगळं मला यांच्या बडबडीतून कळायचं. अखजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आधी एकदा हे भिंतीवरून ओरडले, "मंजुळे, पिल्लं निंगाली वो! तीन आहेत. ये लवकर."

मंजुळाचा हात क्षणभर थांबला. नजर माझ्याकडे आली. मग ती म्हणाली, "मले काम आहे, बाबा."

"जाय," मी म्हणाले. "पाहून ये."

"नाही."

"मी म्हणतो ना, जाय."

"तू म्हटलं होतं लग्नापर्यंत," ती म्हणाली. "मी कबूल केलं. आता काऊन जाऊ?"

आवाज चढवला नाही, काही नाही. चुलीच्या तोंडावरून ओला हात फिरवत राहिली. रागावण्याची तऱ्हा माझीच होती. आपलेच दात, आपलेच ओठ. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, तिसऱ्या दिवशी रागे भरले, चौथ्या दिवशी गोडीनं सांगितलं. ती जागची हलली नाही. मी मागितलं होतं ते सगळं ती मला मोजून देत होती, त्यावर दाणाभरही नाही. लग्नाला पंधरा दिवस उरले होते, आणि लेक गुडघ्याला गुडघा लावून बसलेली असताना मला तिची आठवण यायची.

शेवटी एका सकाळी ती पाण्याला गेलेली पाहून मी त्या दारापाशी गेले. चार वर्षांनी. उंबरा मला वाटला होता त्याहून ठेंगणा निघाला. शालू ओसरीत ज्वारी पाखडत होती. मला पाहून सूप तिच्या हातातच राहिलं.

"बाई, तुमी?"

"तू बोलाव तिले," मी म्हणाले. "माह्यं ऐकत नाही. तुह्यं ऐकन. तुमच्या दोघीचं जमते."

हे "जमते" माझ्या तोंडून कसं निघालं ते मलाच ऐकू आलं. शालूनं सूप खाली ठेवलं.

"बाई, ते इथं पाखरं पाहाले येत होती असं वाटलं काय तुमाले?"

"मंग?"

"रडाले येत होती. नांदुऱ्याचं नाव काढलं का रडे. म्हणे, मायपुढं रडली तं माय लग्नच मोडून टाकन, तिचा सोभाव तसा आहे. म्हणून इथं येऊन बसे. भिंगऱ्या दिसल्या का वर पाहे, डोळे पुसे." शालू म्हणाली. "मले रोज एकच इचारे. काकू, तू आली तवा तुले कसं वाटलं? मी सांगो. बारा वर्साची होती, चार दिवस जेवली नाही. मंग मोठ्या बाईनं कोठीत नेलं, सासूबाईले चोरून गुळपोळी चारली, अन् म्हणे, रड इथं, इथं कोनाले ऐकू येत नाही. तिले ते लई आवडे. रोज सांगाले लावे. इथं बसून आमी तुमचंच बोलत होतो, बाई."

मला गहिवरून आलं, हे खरं. पण त्याच्या आधी काय वाटलं तेही सांगते, लपवत नाही. मला वाटलं, पोरीचं रडणंसुद्धा हिलाच मिळालं.

मग मात्र मी तिथंच, त्या खुंटीखाली, भुईवर बसले. शालू पाट आणायला उठली, तिला नको म्हटलं. भिंतीपलीकडे घागर ठेवल्याचा आवाज आला.

मी मोठ्यानं हाक मारली. "मंजुळे, काय ठरलं होतं आपलं? मी बसीन तिथं तू बसायचं. मी काकूच्या ओसरीत बसली. ये मंग."

पलीकडे बांगड्या वाजल्या, दारात ती दिसली. आधी शालूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भुईवर थाप मारली, माझ्या शेजारी. ती येऊन बसली. बसली आणि तिनं डोकं माझ्या मांडीवर टाकलं, आणि महिनाभर जे साठलं होतं ते तिथं सगळं निघालं. मी लग्न मोडलं नाही. "रड," एवढंच म्हणाले.

वर तीन पिवळी तोंडं घरट्याबाहेर लोंबत होती. भिंगरी आली की तिन्ही उघडायची. घरट्याचा खालचा भाग माझ्या चिकण मातीचा, मधे मुरमाचा एक तांबडा पट्टा उरलेला, वर पुन्हा माझी माती. काम चोख होतं. मी मान वर करकरून पाहत राहिले. दुपारी हे शेतातून आले, आम्हा तिघींना एका ओळीत बसलेलं पाहिलं आणि शहाण्यासारखे गप्प राहून चौथे बसले.

पुढचे दिवस असेच गेले. पुनवेच्या सुमाराला पिल्लं उडाली. पहिलं उडालं ते थेट शेषरावच्या खांद्यावर, दुसरं निंबावर, तिसरं दोन दिवस उठेना. मंजुळा त्याला "भेकडं" म्हणायची आणि स्वतः डोळे पुसायची. तेही गेलं. चार दिवसांनी सहा चुलींवर लग्नाचा स्वयंपाक झाला, एकही तडकली नाही, आणि सातव्या दिवशी नांदुऱ्यासाठी खामगावाकडे जाणाऱ्या मोटारीत माझी लेक बसली. निघताना ती आधी शालूच्या गळ्यात पडली की माझ्या, हे मी बघत होते. माझ्या पडली. पण शालूच्या गळ्यात जास्त वेळ होती.

आषाढात नांदुऱ्याहून पोस्टकार्ड आलं. मंजुळा चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर तिचंच. शेषरावनं ओसरीत बसून मोठ्यानं वाचलं. सर्व खुशाल. पाऊस चांगला. स्टेशनावरच्या गाड्यांचे आवाज आता अंगवळणी पडले. आणि मग असं: "माझी मोठी जाऊ रुखमाबाई फार मायाळू आहे. मला काही जड काम करू देत नाही. रोज जवळ बसवून केस विंचरते. तिच्यात मला माझी आईच दिसते. तरी माझी काळजी करू नये."

यांनी डोळ्याला उपरणं लावलं. शेषराव म्हणाला, "चला, पोरगी सुखात पडली, वैनी." मीही हात जोडले. असली जाऊ मिळू दे म्हणून मी वैशाखभर देवीला साकडं घातलं होतं, ते खोटं कसं बोलू?

पुरुष उठून गेले. शालूनं कार्ड हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी उलटसुलट करून पाहिलं.

"आईच दिसते म्हणे," ती म्हणाली. "दीड महिन्यात."

तिनं कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं.

"अन् रोज विंचरते म्हणे. मंजुळाचे केस रोज विंचरले का तुटतात. एक दिवसाआड तेल लावून विंचराले लागते. त्या बाईले काय माहीत?"

"काय माहीत," मी म्हणाले, आणि सरकून तिला बाजेवर जागा दिली.